भिंतीवर ‘एम्स’ लिहिल्याने मन नकळत अभ्यासाकडे वळतं का? लातूरच्या एका रिपीटर विद्यार्थ्याला उत्तर

प्रश्न असा होता: “मी अहमदपूर तालुक्यातला. लातूरला नीटसाठी रिपीट करतोय. अभ्यासिकेत अभ्यास होतो, पण रूमवर बसलो की पाच मिनिटांत हात मोबाइलकडे जातो. गावी गेलो तर पुस्तक उघडतच नाही. एका शिबिरात सांगितलं होतं की भिंतीवर मोठ्या अक्षरात ‘एम्स’ लिहा, रात्री अंतर्मनाचं ऑडिओ लावून झोपा, मन नकळत ध्येयाकडे वळतं. तीन महिने केलं, काही फरक नाही. माझं अंतर्मनच कमजोर आहे का? आणि आता येळवसला (वेळ अमावास्येच्या सणाला) गावी जाऊ की नको?”

मी लातुरात समुपदेशन करते. माझ्याकडे एकीकडे विद्यार्थी येतात, दुसरीकडे तंबाखू-गुटखा, दारू सोडू पाहणारी माणसं. दोन्हीकडे बोलणं शेवटी याच मुद्द्यावर येतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अंतर्मन कमजोर असल्याची शंका आधी मनातून काढून टाका. तुमच्या प्रश्नातच तिचं उत्तर आहे. अभ्यासिकेत अभ्यास होतो, रूमवर होत नाही, गावी पुस्तक उघडत नाही. मुलगा तोच, पुस्तकं तीच, परीक्षाही तीच. बदलते ती जागा आणि आजूबाजूची माणसं. म्हणजे नकळत मिळणाऱ्या इशाऱ्यांना तुमचं मन अगदी व्यवस्थित प्रतिसाद देतंय, तेही तिन्ही ठिकाणी. फक्त रूमवरचे इशारे अभ्यासाची इच्छा जागी करत नाहीत, दुसरंच काहीतरी जागं करतात. खरा प्रश्न अंतर्मनाच्या ताकदीचा नाही. कोणती वस्तू, कोणती जागा, कोणती वेळ तुमच्यातलं काय उठवते आणि तिला ते कोणी शिकवलं, हा आहे.

शिबिरात सांगितलेल्यात खरं किती, ते बघू. इशाऱ्यांनी ध्येय नकळत जागं होतं, ही कल्पना हवेतली नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन बार्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एकात लोकांना शब्द शोधण्याचं कोडं दिलं होतं, आणि काही जणांच्या कोड्यात जिंकणं, यश, धडपड अशा अर्थाचे शब्द पेरलेले होते. या लोकांनी पुढच्या कोड्यांत इतरांपेक्षा जास्त शब्द शोधले. पहिल्या कोड्याचा दुसऱ्यावर परिणाम झाला असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. याला प्रायमिंग म्हणतात. बार्ज यांचाच १९९६ चा प्रयोग याहून जास्त गाजला. त्यात म्हातारपणाशी निगडित शब्दांची वाक्यं जुळवलेले विद्यार्थी नंतर व्हरांड्यातून हळू चालत गेले.

ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते, तिच्यापुढची फार थोड्यांना. २०१२ मध्ये ब्रसेल्सच्या संशोधकांनी हाच प्रयोग जास्त विद्यार्थ्यांवर केला आणि वेळ मोजायला इन्फ्रारेड सेन्सर लावले. चालण्यात फरक पडला नाही. मग त्यांनी आणखी एक फेरी घेतली आणि प्रयोग घेणाऱ्यांनाच आधी सांगून ठेवलं की ही मुलं हळू चालतील. तेव्हा मात्र मुलं हळू चालली. मला यातून जे दिसतं ते असं की इशारा त्या खोलीत होता, पण कागदावरच्या शब्दांपेक्षा तो समोरच्या माणसाच्या वागण्यात होता. त्याच वर्षी नोबेल विजेते डॅनियल कानमन यांनी या क्षेत्रातल्या संशोधकांना उघड पत्र लिहून सांगितलं की आपापले प्रयोग एकमेकांकडून पुन्हा तपासून घ्या, नाहीतर विश्वास उडेल.

म्हणजे सगळंच खोटं का? नाही. २०१६ मध्ये शब्दांच्या प्रायमिंगवरच्या १३३ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. परिणाम सापडला, पण बेताचा. आणि जे ध्येय त्या माणसाला मुळातच मोलाचं वाटतं, तिथे तो जास्त दिसला. तुमच्यासाठी कामाची ओळ हीच. इशारा ध्येय पेरत नाही, आधीपासून असलेलं ध्येय उठवतो. त्यातही, माझ्या अनुभवात, त्या ठिकाणी जे पुन्हा पुन्हा केलंय तेच सगळ्यात आधी उठतं.

रात्रीचं ऑडिओ मात्र आजच बंद करा. छुप्या संदेशांची ही सगळी भुरळ बऱ्याच अंशी १९५७ च्या एका दाव्यातून आली. जेम्स विकारी नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्याने सांगितलं होतं की सिनेमाच्या पडद्यावर डोळ्यांना जाणवणार नाही इतक्या वेगाने संदेश दाखवून मी कोका-कोला आणि पॉपकॉर्नची विक्री वाढवली. आपल्याकडे त्याला पुरेसा आधारच नव्हता, हे त्याने १९६२ मध्ये स्वतः कबूल केलं. झोपेत ऐकून काही शिकता येतं का, हेही १९५६ मध्ये मेंदूच्या लहरी मोजत तपासलं गेलं. खरोखर झोपलेल्या माणसांना ऐकवलेलं आठवलं नाही. तुमच्या ऑडिओचा एकच खात्रीचा परिणाम मला दिसतो, तो म्हणजे रात्रभर मोबाइल उशाशी राहतो.

आता भिंतीवरच्या ‘एम्स’कडे येऊ. ती अक्षरं लिहिली त्या रात्री तुम्हाला जोर आला असणार, ते खोटं नव्हतं. पण नंतर त्याच भिंतीला टेकून तुम्ही डबा खाल्लात, रील बघितले, रूम पार्टनरशी गप्पा मारल्यात, झोपलात. ‘एम्स’ समोर असताना जे जे केलंत ते सगळं त्या अक्षरांशी जोडलं गेलं, आणि त्यात अभ्यासाचा वाटा सगळ्यात कमी. काही आठवड्यांनी डोळा त्यांच्यावर थांबेनासाच होतो.

जागा आणि कृती यांची गाठ किती घट्ट बसते, यावर २०११ चा एक साधा प्रयोग आहे. डेव्हिड नील, वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिनेमागृहात काही प्रेक्षकांना ताजे पॉपकॉर्न दिले, तर काहींना आठवडाभर शिळे. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची सवय होती, त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले. चव आवडली नाही हे तेच सांगत होते. त्याच प्रकारच्या लोकांना मीटिंगच्या खोलीत बसवून दिले, तेव्हा शिळ्याला त्यांनी फारसा हात लावला नाही. आणि सिनेमागृहातच, पण नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितलं, तेव्हाही चव कळून हात थांबला. तुमचा हात पाच मिनिटांत मोबाइलकडे जातो ना, तो बहुतेक वेळा काही हवं म्हणून जात नाही. काय बघायचंय हे तुम्हालाही तेव्हा ठाऊक नसतं. तिथे बसलं की तसं होतं, एवढंच.

गुटखा सोडणाऱ्यांकडे मला हे रोज दिसतं. एक शेतकरी गृहस्थ घरी आठवडेच्या आठवडे पुडीला शिवत नव्हते. सोयाबीन घेऊन आडतीवर आले, सौद्याची वाट बघत कट्ट्यावर बसले, शेजारच्याने चहा सांगितला, आणि चहाचा शेवटचा घोट घेताना त्यांचा हात खिशात गेला. खिसा रिकामा होता, तरी गेला. त्यांच्या निश्चयात काही खोट नव्हती. वर्षानुवर्षं कट्टा, वाट बघणं, चहा आणि त्यानंतर पुडी हा क्रम तिथे बसला होता. आम्ही त्यांना आडतीवर जाऊ नका असं म्हटलं नाही, ते शक्यच नव्हतं. चहाच्या शेवटच्या घोटानंतर लगेच उठून पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, चूळ भरायची, आणि परत येऊन दुसऱ्या जागी बसायचं, एवढं ठरवलं. उलट टोकाचं उदाहरण ली रॉबिन्स यांच्या अभ्यासात आहे. व्हिएतनाम युद्धात हेरॉइनचं व्यसन लागलेले अमेरिकन सैनिक मायदेशी परतले, तेव्हा पहिल्या वर्षात त्यांच्यातले साधारण ५ टक्केच पुन्हा व्यसनाधीन झाले. त्याला आणखीही कारणं होती. पण ज्या जागा आणि जी माणसं ती तलफ उठवत होती ती मागे राहिली, हे त्यातलं एक मोठं कारण मानलं जातं.

तुमच्या रूमकडे वळते. तुमची रूम मी पाहिलेली नाही, पण लातूरच्या क्लासेसच्या भागातल्या रूम साधारण सारख्याच असतात. माझ्याकडे आलेल्या एका रिपीटरला (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत) मी त्याच्या रूमचं चित्र काढायला सांगितलं. दोन कॉट, एक टेबल, दोरीवर कपडे, आणि चालू असलेला एकच सॉकेट, तोही टेबलाच्या डाव्या बाजूला. चार्जर त्यात कायमचा. मग मी विचारलं, टेबलाशी बसल्यावर सगळ्यात पहिली कृती कोणती? तो बराच वेळ आठवत राहिला आणि म्हणाला, “मोबाइल चार्जिंगला लावतो.” वायर पिनमध्ये गेली की स्क्रीन उजळते. उजळली की नजर जाते. म्हणजे त्याच्या अभ्यासाची सुरुवातच दररोज मोबाइल बघण्याने होत होती, आणि टेबलाने तेच शिकून घेतलं होतं. कॉटवर तर तो जेवायचा, झोपायचा, आईशी बोलायचा, वाचायचा, आणि बॅकलॉगची चिंताही करायचा. एका जागेने इतकं सगळं उठवायचं म्हटल्यावर त्यात सोपं असेल तेच आधी उठणार.

आम्ही एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन चार्जर दाराजवळ चपलांच्या वर नेला. कॉटवर पुस्तक न्यायचं नाही आणि टेबलावर डबा आणायचा नाही, असं ठरवलं. बसल्यावर पहिली कृतीही एकच ठेवली: आदल्या टेस्टमध्ये चुकलेला एक प्रश्न वहीत उतरवायचा. उत्तर शोधायचं नाही, फक्त उतरवायचा. सुरुवातीला त्याला याने काय होणार असं वाटलं. हळूहळू मात्र प्रश्न उतरवला की पेन पुढे चालायला लागलं. भिंतीवरच्या सुविचारांनी जे झालं नव्हतं ते त्या एका प्रश्नाने केलं, कारण तो दररोज खऱ्या अभ्यासाच्या अगदी तोंडाशी येत होता.

मोबाइल सायलेंट करून उलटा ठेवला तर चालेल का, असं सगळेच विचारतात. शक्य असेल तर दुसऱ्या खोलीत ठेवा. २०१७ मध्ये एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी काही लोकांचे फोन टेबलावर, काहींचे खिशात किंवा बॅगेत, आणि काहींचे दुसऱ्या खोलीत ठेवायला लावले. सगळे सायलेंट. एकाग्रता लागणाऱ्या चाचण्यांत दुसऱ्या खोलीतवाले सरस ठरले. फोनने आपल्यावर काही परिणाम केला नाही, असं बहुतेकांचं म्हणणं होतं. नंतरच्या काही प्रयोगांत हा फरक इतका स्पष्ट आला नाही, त्यामुळे मी यावर फार मोठी इमारत बांधत नाही. पण मुलांच्या बाबतीत मला जे दिसतं ते याच्याशी जुळतं. हात पोहोचतो तिथे फोन असेल तर मनाचा थोडा भाग ‘आत्ता बघायचा नाही’ या कामाला जुंपलेला राहतो.

इथपर्यंतचं हात कुठे जातो याबद्दल होतं. मला याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की हेच इशारे तुम्ही काय आणि कसा विचार करता, तेही ठरवतात. क्लासच्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना टॉपरचे फोटो आणि मार्कांचे होर्डिंग असतात. रात्री टेस्टच्या मार्कांची यादी ग्रुपवर येते. त्याने काहीतरी जागं होतंच, पण बहुतेक मुलांमध्ये ‘मला हे समजून घ्यायचंय’ ही इच्छा जागी होत नाही. ‘मी मागे पडता कामा नये’ हे जागं होतं. त्या अवस्थेत वनस्पतिशास्त्राचं पान उघडलं की नजर विचारलं जाईल असं काय आहे ते शोधते, न समजलेल्या ओळीवरून घसरत पुढे जाते, आणि पान संपल्याचं समाधान मिळतं. दोन दिवसांनी त्याच ओळीवर प्रश्न चुकतो. मी मुलांच्या वह्या बघते तेव्हा हे दिसतं. यादी बघून अभ्यासाला बसलेल्या रात्रीच्या पानांवर नुसत्या बरोबरच्या खुणा असतात. शांतपणे बसलेल्या सकाळच्या पानांवर समासात प्रश्नचिन्हं असतात. मुलगा एकच असतो. म्हणून यादी बघायचीच असेल तर अभ्यास संपल्यावर बघा, बसण्यापूर्वी नको.

वडिलांच्या फोटोचंही असंच. टेबलावर बाबांचा फोटो ठेवू का, असं पुष्कळ मुलं विचारतात. याचं उत्तर खरोखर मुलावर अवलंबून आहे. एकाला फोटो बघून नांगरटीत राबणारे वडील आठवतात आणि तो नेटाने बसतो. दुसऱ्याला फीसाठी काढलेलं कर्ज आठवतं, सोयाबीनला भाव मिळाला नाही तर काय, हे सुरू होतं आणि पुढचा तास हिशेबात जातो. दोघांचंही वडिलांवर सारखंच प्रेम असतं. फोटो काय उठवतो ते वेगळं. तुमचं कोणतं, हे तुम्हीच बघायचं. आठवडाभर एका कागदावर, अभ्यास मोडला की त्याच्या अगदी आधी काय दिसलं, ऐकलं किंवा मनात आलं एवढंच लिहा. कारणं लिहू नका, स्वतःला दोषही देऊ नका. बहुतेकांच्या कागदावर त्याच तीन-चार गोष्टी फिरून फिरून येतात.

त्या सापडल्या की ‘मी नियमित अभ्यास करीन’ यापेक्षा ‘अमुक झालं की मी अमुक करीन’ असं वाक्य बांधा. पीटर गोल्विट्झर यांनी या पद्धतीवर आयुष्यभर काम केलं. २००६ मध्ये त्यांनी पास्कल शीरन यांच्यासोबत अशा ९४ अभ्यासांचा आढावा घेतला, आणि नुसत्या निश्चयापेक्षा अशा वाक्याने काम तडीस जाण्याचं प्रमाण चांगलंच वाढल्याचं दिसलं. याचं कारण मला फार पटतं. इशारा कोणता हे तुम्ही जागेपणी ठरवता, पुढे तो स्वतःहून काम करायला लागतो. तुमच्यासाठी उदाहरण म्हणजे, ‘मेसवरून परत आलो आणि चप्पल काढली की फोन तिथेच ठेवून टेबलाशी बसेन आणि चुकलेला एक प्रश्न उतरवीन.’ यात चप्पल काढणं हा इशारा आहे, आणि तो रोज घडतोच. ‘रात्री आठला बसेन’ हे त्या मानाने कच्चं, कारण आठ वाजल्याचं बघायला तुम्ही मोबाइलच उचलणार. एका वेळी एकच वाक्य घ्या. पाच वाक्यं एकदम लिहिणाऱ्यांचं सहसा एकही टिकत नाही.

काही गोष्टी तुमच्या हातात नसतील. रूम पार्टनरला रात्री मोठ्याने गाणी लागत असतील, लाइट जात असेल, एकाच रूमवर तिघे असाल, तर रूमला अभ्यासाचं ठिकाण बनवण्याचा अट्टहास सोडा. अभ्यास अभ्यासिकेत करा आणि रूम झोपण्यापुरती ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. आणि मन कुठेच लागत नसेल, अगदी अभ्यासिकेतही, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगण्याचाच कंटाळा येत असेल, तर तो विषय इशाऱ्यांचा नाही. तेव्हा घरच्यांना सांगा आणि थेट डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

राहिली येळवस. जा. नक्की जा. रानात कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी आणि आंबील, सगळी भावकी एका ठिकाणी. हे सोडून लातूरच्या रूमवर बसलात तर त्या दिवशी अभ्यास होणार नाहीच, आणि मन गावातच राहील. गावी पुस्तक उघडत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. त्या घरात, त्या रानात तुम्ही लहानपणापासून कुणाचे तरी मुलगा, पुतण्या, भाऊ आहात. तिथला प्रत्येक कोपरा तेच नातं उठवतो, आणि उठवायलाच हवा. एका दिवसासाठी जात असाल तर पुस्तक नेऊच नका. न उघडलेली बॅग कोपऱ्यात दिसत राहिली तर सणही होत नाही आणि अभ्यासही होत नाही.

तीन-चार दिवस राहणार असाल तर मात्र घरात आजवर तुम्ही कधी गप्पा मारायला किंवा झोपायला वापरली नाही अशी एक जागा शोधा. माळवदाचा एखादा कोपरा, शाळेचा व्हरांडा, चुलत्यांची रिकामी खोली, काहीही चालेल. घर जागं होण्यापूर्वीचा एक तास तिथे बसा, फक्त चुकलेले प्रश्न घेऊन, नवीन धडा नको. आईला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, म्हणजे चहा घेऊन ती तिथेच येईल आणि हाक मारून बोलावणार नाही. आणि परतीच्या दिवशी लातूरच्या स्टँडवर उतरलात की रूमवर जाऊ नका. पिशवी, डबा, जे काय असेल ते घेऊन सरळ अभ्यासिकेत जा, अर्धा तास आपल्या जागेवर बसा, एक प्रश्न उतरवा, आणि मगच रूमचं कुलूप उघडा.